बॅनर काढा, सतरंजी टाका

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की मनाच्या आजाराबद्दल गावात, सोसायटीत, मंडळात चार लोकांना एकत्र बसवून बोलायचा कुणी प्रयत्न केला असेल तर कळवा, फसला असेल तरी कळवा. तर फसलेल्यांचीच पत्रं जास्त आली आणि खरं सांगू का, मला तीच जास्त आवडली. नावं कुणाचीच छापत नाहीये, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही बदललेत. काही पत्रं लांबलचक होती ती कापलीत, रागावू नका.

ताई नमस्कार, मी आशा वर्कर आहे, अमरावती जिल्ह्यात. आमच्या गावात दोन वर्षांत दोन जणांनी जीव दिला म्हणून मी आणि उपकेंद्रातल्या सीएचओ (आरोग्य अधिकारी) मॅडमनी समाजमंदिरात 'मानसिक आरोग्य जनजागृती कार्यक्रम' ठेवला. दवंडी दिली, बॅनर लावला, तालुक्याहून डॉक्टर बोलावले. लोकं आली किती, तर अकरा, त्यातल्या चार बचत गटाच्या बाया मी ओढून आणलेल्या. सर दीड तास बोलले, पीपीटी दाखवला, मग म्हणाले कुणाला काही शंका, तर सगळे चूप. एका काकानं विचारलं बीपीची गोळी भेटते काय. आणि दुसऱ्या दिवशी हापशीवर एक बाई भेटली जी कार्यक्रमात तोंडातून शब्द काढत नव्हती, तिचा पाण्याचा गुंड भरून वाहायला लागला तरी ती बोलतच होती, झोप नाही, जीव लागत नाही, पोळ्या करता करता रडू येते. आता मॅडम म्हणतात पुन्हा घेऊ, मोठा घेऊ. काहून घ्यायचा, कोण येते? आणि गावातला भगत म्हणते मला विचारल्याशिवाय असे कार्यक्रम करू नका. त्याला बोलवायचं काय?

ताई, तुमचा कार्यक्रम झाला की. फक्त एक दिवस उशिरा झाला आणि हापशीवर झाला.

माझंही ऐका. बरीच वर्षं झाली, एका तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी आम्ही मांडव टाकला होता आणि वर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत 'मनोरुग्ण तपासणी शिबिर'. बाजार फुल होता पण आमच्या मांडवासमोरचा रस्ता रिकामा, लोक चक्क पलीकडच्या कडेनं जात होते. संध्याकाळपर्यंत एक आजोबा आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले डोळे कधी तपासणार. तेव्हा मला लोकांचा राग आला होता, आता वाटतं की सगळा बाजार बघतोय आणि डोक्यावर 'मनोरुग्ण' लिहिलंय अशा मांडवात मी तरी गेले असते का.

म्हणून पहिलं काम, तो बॅनर काढा. 'मानसिक आरोग्य' हा शब्द सरकारी कागदावर ठीक आहे, गावात त्याचा अर्थ वेड असाच होतो. 'नैराश्य' तर कुणी बोलतच नाही, तो पेपरातला शब्द. लोक काय म्हणतात ते तुम्हीच लिहिलंय, झोप नाही, जीव लागत नाही, टेन्शन आहे, डोक्यात विचार फिरतात, हातपाय गळतात. हेच शब्द वापरा, बोलावताना पण हेच सांगा की झोप न लागणं आणि टेन्शन यावर जरा बसून बोलू.

दुसरं म्हणजे मोठा कार्यक्रम घ्यायचा नाही, मॅडमना माझं नाव सांगा हवं तर. तुमच्याच जिल्ह्यात विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, ३० गावांत, सुमारे दीड वर्ष, गावातल्याच माणसांना ट्रेनिंग देऊन. त्यांनी छोट्या छोट्या गटांत बैठका घेतल्या, घरोघरी गेले, आणि ज्यांना गरज आहे त्यांना आधी गावातल्याच कार्यकर्त्यानं धीर देणं, मग समुपदेशक, मग डॉक्टर अशी शिडी लावून दिली. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या माणसांपैकी मदत घेणारे होते ४.३ टक्के, नंतर ते २७.२ टक्के झाले. सहापट! २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या लंडनच्या डॉक्टरी मासिकात हे छापून आलंय, म्हणजे लंडनच्या डॉक्टरांनी तुमच्या शेजारच्या गावांबद्दल वाचलं आणि तुम्हाला मात्र कुणी सांगितलं नाही, हे आपल्याकडचं नेहमीचंच.

तर आठ-दहा बाया, त्याहून जास्त नको. बचत गटाची मीटिंग असतेच ना महिन्याला, हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या की कुणी लगेच उठत नाही, तो अर्धा तास तुमचा. सतरंजीवर गोल बसा, तुम्ही पण खालीच बसा, खुर्ची घेऊ नका. आणि विचारायचं काय याची फार चिंता करू नका, तुम्ही घरोघरी तब्येतीची माहिती भरता त्या सीबॅक फॉर्मच्या शेवटच्या भागात दोन प्रश्न आहेत बघा, गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात मन लागत नाही असं किती दिवस झालं, आणि उदास, निराश किती दिवस वाटलं. मला माहितेय, फॉर्म भरताना तिथपर्यंत येईस्तोवर तुम्ही पण थकता आणि समोरची बाई पण, मग सगळ्यांना 'कधीच नाही' वर टिक होते. तेच दोन प्रश्न फॉर्म बाजूला ठेवून, आपल्या भाषेत, आधी स्वतःबद्दल उत्तर देऊन विचारा. म्हणजे असं की मला मागच्या महिन्यात सर्व्हेच्या वेळी आठ दिवस झोप नव्हती बाप्पा, तुमचं कसं आहे. पहिलं कुणीतरी बोलावं लागतं आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा बोलावणाऱ्यालाच व्हावं लागतं.

बोलायचे नियम मी दारू सोडणाऱ्यांच्या एएच्या मीटिंगांतून उचललेत, महाराष्ट्रात कितीतरी गावांत त्या होतात, तुमच्या तालुक्याला पण असतील. एक जण बोलताना मध्ये कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि इथलं बोलणं इथंच ठेवून जायचं. सल्ल्याचा नियम आपल्या बायांना सगळ्यात जड जातो, एकीनं म्हटलं झोप येत नाही की दुसरी लगेच जायफळ उगाळून दे म्हणते. जायफळ नंतर.

पण एक गोष्ट बैठकीच्या आधी करायची, आणि ही चुकली तर बैठक न घेतलेली बरी. कुणी खरंच म्हणालं की मला जगावंसं वाटत नाही, तर पुढं काय? जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, ती तुमच्या भागात ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येते ते आधी फोन करून विचारा, कारण वार बदलतात आणि बाई एसटीचं तिकीट काढून गेली आणि डॉक्टर नाही असं एकदा झालं की ती पुन्हा जात नाही. दुसरं टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात, २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालाय. तो नुसता वाटू नका, आधी स्वतः लावून बघा, मराठीसाठी कोणतं बटण दाबायचं, किती वेळ थांबावं लागतं, म्हणजे तुम्हाला ठामपणे सांगता येईल. आणि फवारणीचं औषध घरात माळ्यावर नको, कुलपात ठेवा किंवा दुसरीकडे ठेवा, हे प्रत्येक बैठकीत सांगा. वाईट वेळ बऱ्याचदा निघून जाते, ती निघून जाईपर्यंत हाताशी काही नसलं पाहिजे.

पुरुषांचं वेगळं आहे, ते गोल वगैरे बसणार नाहीत. पानठेल्यावर किंवा पारावर, कापसाच्या भावाची गोष्ट निघते तिथंच कर्जाची निघते आणि कर्जाची निघाली की झोपेची निघतेच. हे काम तुम्ही करू नका, गावातला एखादा ऐकून घेणारा माणूस शोधा, पोस्टमन, न्हावी, कुणीही. गावाला माहीत असतो तो.

आता भगत. बोलवा. आधी त्याच्या घरी जा, चहा प्या. लोक तुमच्या आधी त्याच्याकडे जातात ही वस्तुस्थिती आहे आणि भांडून ती बदलत नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे, तिथं 'दवा आणि दुआ' म्हणून काम चाललं, म्हणजे मुजावरच लोकांना सांगायचे की दुआ इथं घ्या आणि आवारातच डॉक्टर बसलाय त्यालाही दाखवा. तुमच्या भगताला पण एवढंच मागा की अंगारा द्यायचा तर दे, गोळी बंद कर म्हणू नको. मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणं असलं काही करत असेल तर मात्र चहा नाही, तिथं कायदा आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात बेड्या-साखळ्यांना चक्क बंदी आहे आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तर आपल्या राज्याचाच आहे.

आणि त्या हापशीवरच्या बाईकडे या आठवड्यात परत जा. बैठक राहू दे मागे.

आमच्या शाळेत दर १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची रांगोळी स्पर्धा असते. मी शिक्षक आहे, मला यापलीकडे काही करायचंय पण अभ्यासक्रम उरकत नाही. काय करू? (सोलापूर)

रांगोळी असू द्या सर, मुलांना मजा येते. पण मेंदूचं चित्र काढून मेंदू कळत नाही. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात आठवड्याला एक ऑफ तास घ्या आणि त्यात तुम्ही दहावीत कशात नापास झालात किंवा कशाला घाबरलात ते सांगा. नापास झाला नसाल तर जो झाला होता अशा शिक्षकाला बोलवा, स्टाफरूममध्ये निघेल एखादा. चिठ्ठ्यांची पेटी ठेवणार असाल तर ती रोज उघडा, महिन्याने उघडलेल्या पेटीत फार उशिराच्या चिठ्ठ्या निघतात.

मी डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या इथल्या एका वीस वर्षांच्या मुलानं आत्महत्या केली. व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुमाकूळ आहे, कुणी म्हणतं प्रेमप्रकरण, कुणी म्हणतं आईवडिलांचं प्रेशर, कुणी कुणी तर कसं झालं त्याचं वर्णन टाकलं. कमिटीनं ठरवलंय की क्लबहाऊसमध्ये रविवारी मोटिव्हेशनल स्पीकर बोलवायचा, विषय 'जीवन सुंदर आहे'. मला आतून काहीतरी चुकतंय असं वाटतंय पण काय ते सांगता येत नाही. आणि खरं म्हणजे त्या घरी आम्ही कुणीच गेलेलो नाही, काय बोलणार तिथं जाऊन?

चुकतंय ते तुम्ही शेवटच्या वाक्यात लिहिलंय. ज्या घरात हे झालं त्याच्या तीन मजले खाली माईक लावून जीवन सुंदर आहे म्हणायचं, आणि त्या घराची बेल कुणी वाजवलेली नाही.

आधी ते करा. तुम्ही आणि वहिनी, दोघंच जा, घोळका नको. बोलायला काही लागत नाही, डबा न्या, बसा. मुलाचं नाव घ्या, त्याच्याबद्दलची एखादी आठवण असेल तर सांगा, गणपतीत लायटिंग तोच करायचा वगैरे, कारण अशा घरात सगळे त्याचं नाव टाळतात आणि आईला वाटतं पोरगा नव्हताच की काय. का केलं, काही लक्षात आलं नाही का, हे विचारू नका, ते दोघं रात्रभर स्वतःला तेच विचारत असतात. आणि जमल्यास विचारा की सोसायटीत याबद्दल मुलांशी बोलायचंय, तुमची हरकत नाही ना.

मग ग्रुप. तुम्ही ॲडमिन असाल तर आजच एक साधा मेसेज टाका की कसं झालं, कुठं झालं, का झालं यातलं काहीही कुणी लिहायचं नाही, आधीचे मेसेज डिलीट करा. हा शिष्टाचाराचा भाग आहेच पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या ग्रुपवर आत्ता या क्षणी अजून कुणीतरी असू शकतं ज्याच्या मनात तेच चाललंय, आणि सगळे तपशील वारंवार समोर येणं अशा माणसाला धोक्याचं असतं, जगभर पत्रकारांनाही म्हणूनच सांगतात की आत्महत्येच्या बातमीत पद्धत लिहू नका, एकच एक कारण चिकटवू नका. 'भ्याड', 'पळपुटा' हे शब्द पण नकोत.

स्पीकर कॅन्सल करा, पैसे गेले तर गेले. त्याऐवजी छोटे गट. त्याच्या वयाची, त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणारी पोरं वेगळी बसवा, आईबाप त्यात नकोत. यांच्यासाठी शिकलेला माणूस लागेल, आणि तो तुमच्यापासून लांब नाही, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथं फोन करा आणि सरळ सांगा की असं असं झालंय. आईबापांचा गट वेगळा. लहान मुलांना खोटं सांगू नका, 'गावाला गेला' वगैरे, त्यांना लिफ्टमध्ये सगळं कळलेलं असतं.

एक प्रश्न तुमच्याकडे नक्की येणार, की मुलांना जीव द्यायचे विचार येतात का असं सरळ विचारलं तर नसतं डोक्यात शिरायचं. नाही शिरत. यावर भरपूर अभ्यास झालाय, जीव द्यायचे विचार येतात का असं शांतपणे, स्पष्ट विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, उलट समोरच्याला हायसं वाटतं की कुणीतरी नाव घेतलं बाबा. हो म्हणाला तर उपदेश न करता ऐका, त्याला एकटं सोडू नका, आणि डॉक्टरकडे घेऊन जा, रात्र असेल तर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. पोलीस केस होईल म्हणून लोक अजूनही दवाखान्यात नेत नाहीत किंवा खोटं कारण सांगतात, तर तेही बैठकीत सांगून टाका की २०१७ च्या कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, आणि १ जुलै २०२४ पासून जी न्याय संहिता आली तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही.

आणि हो, वॉचमनकाकांना कुणी विचारलं का? अशा वेळी पहिल्यांदा धावून जातो तो वॉचमन, आणि मग रात्री बारा तास त्याच आवारात एकटा बसतो तोही वॉचमनच. कमिटीच्या कुठल्याच यादीत त्यांचं नाव नसतं. तुम्ही स्वतः रात्री खाली जा, त्यांच्या केबिनमध्ये बसा दहा मिनिटं.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं असा आजार, गेली नऊ वर्षं लिथियमच्या गोळ्यांवर अगदी व्यवस्थित आहे, बँकेतून रिटायर झालो. आमच्या वाचनालयात दर महिन्याला व्याख्यान असतं, मी म्हटलं मी बोलतो माझ्या आजारावर, लोकांना कळू दे. सेक्रेटरी खूश. पण बायको म्हणते मुलीचं लग्न होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, स्थळं बघतोय आपण. मला हे ढोंग वाटतं. तुम्ही तिला समजवाल का? (सांगली)

नाही समजावणार काका, कारण काकू चुकीचं काही बोलत नाहीयेत. लग्नाच्या बाजारात हा आजार कसा मोजला जातो ते त्यांना माहितीये, आणि नऊ वर्षांपूर्वी तुम्ही झोपत नव्हतात तेव्हा रात्रभर जागं कोण होतं? ही गोष्ट तुमची आहे तितकीच त्यांची पण आहे, आणि मुलीची पण. मुलीला विचारलंत का? पत्रात तिचं मत कुठंच नाही. मला तर वाटतं तीच म्हणेल की ज्या घरात हे लपवावं लागेल तिथं मला जायचंच नाही, पण ते तिनं म्हणायचं, तुम्ही आणि मी नाही.

तोवर एक मधला रस्ता आहे. चारशे खुर्च्यांसमोर पहिल्यांदा बोलायचं कशाला? पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली, कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक होते ते, घरातच आजार होता आणि त्यांनी तो लपवला नाही. अशा संस्थांमध्ये पेशंटचे आणि घरच्यांचे स्वमदत गट असतात, बंद दाराआड, तिथं फोनवर रेकॉर्डिंग नाही, काही नाही. सांगलीत असा गट सापडला नाही तर तुमच्या सायकियाट्रिस्टला सांगा की तुमच्या पेशंटपैकी चार-पाच जणांना माझा नंबर द्या, त्यांची इच्छा असेल तर. आणि काकूंना बरोबर घेऊन जा, घरच्यांच्या गटात त्या काय बोलतात ते ऐकाल तर त्या व्याख्यानाला विरोध का करतात हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

पुढं कधी वाचनालयात बोललातच तर नुसती कोसळल्याची गोष्ट सांगू नका, ती ऐकून लोक च् च् करतात आणि घरी जातात. लिथियमची पातळी बघायला ठरावीक महिन्यांनी रक्त द्यावं लागतं, किडनी आणि थायरॉईड पण बघतात, बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद केली की काय होतं, आणि तुमचं बिनसायला लागलंय हे काकूंना सगळ्यात आधी कशावरून कळतं, रात्री दोनला फोनवरून खरेदी सुरू होते की अजून कशावरून, असलं सांगा. समोर बसलेल्यातल्या कुणाला तरी घरी जाऊन ते वापरता येईल.

आम्ही न्यू जर्सीत असतो. आमच्या मराठी मंडळात मेंटल हेल्थवर बोलायचं म्हटलं की सगळे म्हणतात आपल्यात तसं कुणी नाही. गणेशोत्सवात आरती आणि जेवण यांच्या मध्ये पंधरा मिनिटांचा स्लॉट मिळतोय, घेऊ का?

नको गं. लोकांना भूक लागलेली असते, मुलं पळत असतात, आणि मागे कुणीतरी वरणाचं पातेलं ओढत असतं. 'आपल्यात तसं कुणी नाही' यावर वाद पण घालू नकोस. नवऱ्याच्या नोकरीमागं मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर आलेली, तिकडे इंजिनिअर होती आणि इकडे दोन वर्षं घरात बसलेली मुलगी आहे का तुमच्यात? सहा महिन्यांसाठी आलेले, ड्रायव्हिंग न येणारे, दिवसभर खिडकीतून स्नो बघणारे आईबाबा आहेत का? मग आहेत.

९८८ हा हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे, जुलै २०२२ पासून सगळ्या अमेरिकेत चालतो, संकटात फोन किंवा मेसेज करता येतो, इंग्रजी न येणाऱ्या आईबाबांसाठी दुभाषा मागता येतो. हे मंडळाच्या डिरेक्टरीत छाप, त्याला कुणाची हरकत नसते.

आणि बोलायचं असेल तर गणपतीच्या आदल्या दिवशी मोदक वळायला कुणाच्या तरी घरी सात-आठ जणी जमता ना, तो वेळ घे. तिथं कुणाला कुणाच्या डोळ्यात बघून बोलावं लागत नाही, सगळ्यांच्या नजरा कळ्या पाडण्यात. तू सुरुवात कर, पहिल्या हिवाळ्यात तुला काय झालं होतं तिथून. उकड गार झाली की पारी फाटते, त्यामुळे मध्येच उठून कुणी जात नाही.